हॉलच्या भिंतीवर रोबेस्पिएर: डेकोर म्हणून चालतं का हे?

धागाकर्ता:
हल्ली पोस्टर विकणाऱ्या साइटींवर फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातली व्यंगचित्रं फार दिसायला लागलीत, काळी फ्रेम, 'डार्क ह्युमर' असं लेबल. त्यात रोबेस्पिएर, म्हणजे क्रांतीतल्या दहशतीच्या काळातला पुढारी, स्वतः जल्लादाची मान कापतोय ते चित्र तर हमखास असतंच. सगळा फ्रान्स कापून झाला, उरला एकटा जल्लाद, म्हणून साहेब स्वतःच दोरी ओढतायत, मागे गिलोटिनांचं (मुंडकी उडवायच्या यंत्रांचं) रान, पायाखाली १७९१ आणि १७९३ च्या राज्यघटना. चित्र जबरदस्त आहे, वाद नाही. पण ते आहे थर्मिडॉरनंतरच्या (त्याची सत्ता उलथली त्या महिन्यानंतरच्या) काळातलं, म्हणजे २८ जुलै १७९४ ला त्याचीच मान उडाल्यावरचं, आणि तेव्हा कालपर्यंत त्याच्याबरोबर सह्या करणाऱ्यांना सगळं खापर एकाच्या डोक्यावर फुटलेलं हवंच होतं. हाच माणूस मे १७९१ मध्ये देहदंड रद्द करा म्हणून भाषण करत होता, पुढे सगळे युद्ध युद्ध करत असताना हा नको म्हणत होता. यातलं काहीच भिंतीवर येत नाही, येतो तो फक्त राक्षस, आणि तोही सोफ्याला मॅच होतो म्हणून. मला हे खटकतं. ज्यांना खटकत नाही त्यांनी कारण सांगा.

खवट पेठकर:
नाही खटकत. भाषण केलं १७९१ ला, ठीक, आणि १७९४ च्या जूनमध्ये आरोपीला वकीलच मिळू नये असा कायदा आणला त्याच्या गोटाने, त्याचं काय? दहशतीच्या त्या काळात नुसत्या कोर्टाच्या शिक्षेने साधारण १७,००० माणसं मेली, तुरुंगात मेले ते वेगळे, व्हाँदे प्रांतातल्या बंडात मेलेले तर मोजूच नका. एवढ्यावर कुणी चित्र काढलं तर ते बॅलन्स्ड असायला हवं होतं का? व्यंगचित्र आहे ते, चौकशी आयोगाचा अहवाल नाही.

रिकामटेकडी:
धागाकर्त्याशी सहमत, पण मला रोबेस्पिएरपेक्षा इंग्लिश व्यंगचित्रकार गिलरे जास्त डाचतो. जेम्स गिलरेचं १७९२ च्या सप्टेंबरातलं चित्र बघा, पॅरिसमध्ये तुरुंगातल्या कत्तली झाल्या त्यानंतर लगेच काढलेलं. गरीब सां-क्युलोत (क्रांतीतले सामान्य कष्टकरी) कुटुंब रात्रीचं जेवायला बसलंय आणि ताटात माणसांचे हातपाय, पोरंसुद्धा टोपाभोवती बसून खातायत. कत्तली खऱ्या होत्या, हजाराहून जास्त माणसं मारली, मान्य. पण चित्र मारेकऱ्यांचं नाहीये, चित्र आहे गरिबांचं, की ही जातच अशी. मी हे एका रेस्टॉरंटमध्ये जेवणाच्या टेबलामागे टांगलेलं पाहिलंय, लोक खाली बसून पास्ता खात होते आणि सेल्फी काढत होते. आणि हे काढणाऱ्याला १७९७ पासून इंग्लंडच्या सरकार पक्षाकडून वर्षाला २०० पौंड मिळत होते, कॅनिंग या राजकारण्याने जमवून दिलेले. पगारी प्रचार आहे हो हा.

खवट पेठकर:
१७९२ च्या चित्राला १७९७ चा पगार कसा लावता? १७८९ मध्ये याच गिलरेने फ्रान्समध्ये स्वातंत्र्य आणि ब्रिटनमध्ये गुलामी असं चित्र काढलं होतं, पंतप्रधान पिटला आणि स्वतःच्या राजालाही त्याने कधी सोडलं नाही. आणि पगाराचंच म्हणाल तर पलीकडे काय वेगळं होतं? फ्रान्सचा कारभार चालवणाऱ्या कमिटी ऑफ पब्लिक सेफ्टीने खुद्द चित्रकार जाक-लुई दाविदला इंग्रजांवर व्यंगचित्रं काढायला लावली. एकात इंग्लंडचं सरकार म्हणजे कातडी सोललेला सैतान, राजाचा चेहरा त्याच्या पार्श्वभागावर, आणि त्यातून जनतेवर करांचा वर्षाव. ते लावा की हॉलमध्ये, बघू आईबाबा काय म्हणतात.

आणि डेकोर डेकोर काय लावलंय. ही चित्रं जन्मापासून दुकानातला माल होती. लंडनमध्ये सेंट जेम्स स्ट्रीटवर हॅना हम्फ्रीच्या दुकानाच्या काचेसमोर नव्या चित्रासाठी गर्दी व्हायची, फोर्स नावाचा दुकानदार तर चित्रांचे आल्बम एका संध्याकाळपुरते भाड्याने द्यायचा, पार्टीत पाहुण्यांना दाखवायला. लोक ती घरातल्या लाकडी पडद्यांवर चिकटवायचे. तुमचा सोफा नवीन आहे, प्रथा नवीन नाही.

लंडनस्थ:
हे मात्र बरोबर. फक्त एक, तेव्हा बघणाऱ्याला कालची बातमी माहीत असायची. आता बातमी गेली, चित्र राहिलं. नेपोलियन बघा ना, क्रांतीतूनच वर आलेला जनरल, उंची साधारण १६८-१७० सेंटीमीटर, त्या काळात सरासरीएवढी तरी म्हणायची. गिलरेने त्याला चिमुकला, थयथयाट करणारा दाखवला, आणि फ्रेंच इंच इंग्रजांपेक्षा मोठा, म्हणून फ्रेंच मापातला आकडा कमी दिसतो, या गोंधळाची त्यात भर. आज कुणालाही विचारा, बुटका होता म्हणतील.

अवांतर: गिलरेचं १७९१ चं, इंग्रज गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिसवरचं पण शोधा, श्रीरंगपट्टणहून माघारीचं, तटावरून टिपू इंग्रजांवर चक्क मुततोय. त्याच माघारीत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊंची फौज येऊन मिळाली आणि मराठ्यांच्या बाजारातलं धान्य मिळालं म्हणून इंग्रज तगले. ते चित्र मी घरात लावीन बुवा.

धागाकर्ता:
लंडनस्थ, माझा मुद्दा हाच आहे. आपल्याकडे २०१२ ला काय झालं आठवा. व्यंगचित्रकार शंकर यांचं १९४९ चं चित्र, घटनेच्या गोगलगायीवर बाबासाहेब बसलेत, मागे नेहरू चाबूक घेऊन. अकरावीच्या पुस्तकात होतं, त्यावर देशभर गदारोळ झाला, पुणे विद्यापीठात पुस्तकाचे सल्लागार पळशीकर सरांचं ऑफिस फोडलं. तोडफोडीचं समर्थन अजिबात नाही, पण निदान तिथे चित्राभोवती अख्खा धडा होता. धडा असूनही लोकांना त्यात चाबूकच दिसला. मग धडाच नसेल तर?

रिकामटेकडी:
+१. आणि 'कलेचं स्वातंत्र्य' म्हणत येणाऱ्यांनी एवढं सांगावं की दाविदचा सैतान एकाही पोस्टरवाल्याकडे का दिसत नाही. विकलं जातं ते जिंकलेल्या बाजूचंच.

खवट पेठकर:
विकलं जातं ते चांगलं काढलेलं. दाविद मोठा चित्रकार होता पण हसवणं त्याचं काम नव्हतं, बघा ते चित्र, शाळेच्या तक्त्यासारखं आहे.

आणि तुमचा तो गायब धडा. रोबेस्पिएरच्या मूळ प्रिंटमध्ये खाली यादी आहे, प्रत्येक गिलोटिनला अक्षर आणि त्या अक्षरापुढे कोण कोण कापले गेले ते. जाकोबँही (रोबेस्पिएरचाच गट) आहेत त्यात आणि त्यांचे विरोधकही, म्हणजे चित्रकाराने हिशोब मांडलाय. पोस्टरवाले फ्रेममध्ये बसत नाही म्हणून खालची पट्टी कापतात. तेव्हा भांडण भिंतीशी नाही, कात्रीशी आहे. पॅरिस महापालिकेच्या म्युझियमांनी २०२० पासून लाखाच्या वर इमेजेस फुकट टाकल्यात, त्यात कार्नावाले म्युझियमच्या क्रांतीच्या प्रिंट्स पण आहेत. बिनकापलेली प्रत शोधा, कोपऱ्यावरच्या डिजिटल प्रिंटवाल्याकडून छापून घ्या.

धागाकर्ता:
यादी फ्रेंचमध्ये आहे. आलेला पाहुणा ती वाचणारे का?

खवट पेठकर:
नाही वाचणार. मग तुम्ही सांगा की वाचून, एवढं लिहिलंत ना इथे.