‘चालशे’ म्हणणाऱ्यापुढे सिस्टरने गप्प बसायचं का?

सिस्टर_दांडियाबाजार
बडोद्यातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी 22 वर्षं ओटी (ऑपरेशन थिएटर) सांभाळली. आता तिथल्या ट्रस्टींनी ठराव केलाय: कर्मचाऱ्याने तक्रार आपल्या विभागप्रमुखाकडेच द्यायची. थेट ट्रस्टींकडे गेलं तर शिस्तभंग. तिथल्या एका मुलीने फोन करून सांगितलं, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

माझंच सांगते. एके सकाळी ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून, ऑपरेशनच्या सामानाचा ड्रम आला. त्यावरच्या टेपच्या रेषा काळ्या व्हायला हव्यात, त्या फिकट होत्या, जुन्या चहाच्या डागासारख्या. म्हणजे वाफ नीट लागलीच नव्हती. पहिला पेशंट टेबलावर, मागे आणखी चार. विभागप्रमुखांनी टेपकडे बघितलंसुद्धा नाही, गुजरातीत ‘चालेल’ म्हणून मोकळे झाले. "चालशे सिस्टर, चालशे." मी ड्रम परत पाठवला. त्या दिवशीची ऑपरेशनं पाऊण तास लांबली आणि आठवड्याभरात माझी बदली ओपीडीत झाली. तक्रार कोणाकडे द्यायची? त्याच साहेबांकडे!

फिकट टेप, संपत आलेला सिलिंडर, सलाईनशेजारी ठेवलेले पोटॅशियमचे अँप्यूल (चुकून तेच टोचलं तर जीव जातो) हे सगळं आधी आमच्या नजरेला पडतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याच्या टेबलावरून ती जाता कामा नये. आणि ज्याने ती ऐकली त्याने पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावं.

सर्जन_अलकापुरी
ताई, ड्रम परत पाठवलात ते शंभर टक्के बरोबर. तरी हा ठराव मला पटतो.

मी एका टेक्निशियनची रजा नाकारली होती. त्याने ट्रस्टींना निनावी पत्र लिहिलं, की डॉक्टर गरज नसताना ऑपरेशनं करतात. ट्रस्टी कापडाचे व्यापारी, माणसं चांगली, पण कॉम्प्लिकेशन आणि हलगर्जी यांतला फरक त्यांना कोण सांगणार? चार महिने चौकशी चालली. निघालं काहीच नाही, पण त्या चार महिन्यांत मी अवघड केस हातात घेतली नाही, सरळ मोठ्या सरकारी दवाखान्यात पाठवत राहिलो. त्यात कोणाचं भलं झालं?

आणि नुसते नियम करून काय होतं तेही बघा. जागतिक आरोग्य संघटनेची 19 मुद्द्यांची सर्जिकल चेकलिस्ट, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी एकेक मुद्दा तपासून खूण करायची यादी, आली, आठ शहरांतल्या दवाखान्यांत (त्यात दिल्लीही होती) मृत्यूचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 वर आल्याचं 2009 मध्ये छापून आलं. मग कॅनडातल्या ओंटारियोने ती सक्तीची केली. 101 रुग्णालयांचा हिशेब 2014 मध्ये आला, तर म्हणावा असा फरक नाही. खुणा तेवढ्या झाल्या.

भूलतज्ज्ञ_फतेगंज
सर, ट्रस्टी डॉक्टर नाहीत म्हणून अडचण होते, हे मला मान्य नाही. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या रुग्णालयाचं प्रकरण आठवा. स्टीफन बोल्सिन आमच्याच शाखेतला, 1988 साली तिथे रुजू झाला. लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांत मृत्यू जास्त होतात हे त्याच्या लक्षात आलं. 1990 मध्ये त्याने थेट मुख्याधिकाऱ्याला पत्र लिहिलं, तर सर्जननेच त्याला झापलं: परस्पर वर कसा गेलास? तो मुख्याधिकारी स्वतः डॉक्टर होता. तरी वर्षं गेली. या प्रकरणाच्या चौकशीच्या 2001 च्या केनेडी अहवालात आकडा आहे: 1991 ते 95 या काळात एक वर्षाखालची 30 ते 35 मुलं अपेक्षेपेक्षा जास्त दगावली. बोल्सिन तोवर ऑस्ट्रेलियात निघून गेला होता.

हा ठराव त्या झापण्यालाच नियम करतो.

ऑडिटवाला_रावपुरा
कायद्याच्या भरवशावर कोणी राहू नका. तक्रारदाराला संरक्षण देणारा 2014 चा कायदा संसदेत मंजूर झाला, पण लागू केलेला नाही. शिवाय तो सरकारी सेवकांच्या गैरकारभारापुरता, खाजगी ट्रस्टला त्याचा उपयोग नाही. जे करायचं ते ट्रस्टच्या ठरावातच करावं लागेल.

नवी_स्टाफनर्स
तुम्ही सगळे मोठे आहात. माझं ओरिजिनल नर्सिंगचं सर्टिफिकेट ऑफिसच्या कपाटात आहे. दोन वर्षांचा बाँड आहे. मी काय बोलणार?

सिस्टर_दांडियाबाजार
बाळा, तुझं एवढंसं वाचून पोटात कालवलं. या चर्चेत हे आधी यायला हवं होतं.

डॉक्टरसाहेब, ओंटारियोचं तुम्ही सांगितलंत ते माझ्याच बाजूचं आहे. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये डॉ. प्रोनोव्होस्ट यांनी सेंट्रल लाइनसाठी (मोठ्या शिरेत घालायची नळी) यादी केली, ती पाच ओळींची. पण त्यांनी सिस्टरांना सांगून ठेवलं होतं, डॉक्टरने एक पायरी गाळली तर थांबवा, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत. जंतुसंसर्ग कमी झाला तो त्याने. ओटीत टेप मलाही दिसत होती, साहेबांनाही दिसली असती. माझ्या पाठीशी कोणी नव्हतं.

निनावी पत्राचं मात्र तुमचं खरं आहे. माझ्या डोळ्यांदेखत एका चांगल्या मेट्रनला अशा पत्राने घालवलं. नाव द्यायचं, पण ते एकाच माणसाला कळेल: दुसऱ्या विभागातला किंवा बाहेरचा डॉक्टर, ज्याला कोणाची बदली करता येत नाही.

सर्जन_अलकापुरी
सर्टिफिकेट अडकवून ठेवणं चूकच, त्यावर मी ताईंच्या बाजूने आहे. बाहेरच्या डॉक्टरचं पटतंय. पण त्याने आधी संबंधित डॉक्टरला बोलावून विचारावं, मग ट्रस्टींकडे जावं. उलटा क्रम मी मान्य करणार नाही.

सिस्टर_दांडियाबाजार
विचारावं, जरूर विचारावं. पण तक्रार कोणी केली ते सांगून नव्हे. सोमवारी अकरा वाजता मी ट्रस्टींना भेटायला जाते आहे, सर्टिफिकेटचा विषय पहिला काढणार. तुम्ही याल?

सर्जन_अलकापुरी
सोमवारी एकपर्यंत ओपीडी आहे. वेळ दोनची करून घ्या, येतो.