मदत हवी आहे: पदावरच्या राष्ट्रप्रमुखाची अटक, कलम २७ की कलम ९८?

नमस्कार मंडळी. मी खानापूरचा, बेळगावात एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढच्या आठवड्यात मूट कोर्ट (विद्यार्थ्यांचा सराव खटला) आहे आणि मला मंगोलियाच्या बाजूने उभं राहायचंय. सप्टेंबर २०२४ मध्ये पुतिन तिथे गेले, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचं वॉरंट असूनही अटक झाली नाही आणि त्या न्यायालयाने मंगोलियाला दोषी धरलं, तोच वाद.

रोम कराराचं (ज्याने हे न्यायालय स्थापन झालं) कलम २७ म्हणतं, पदाचं संरक्षण चालणार नाही. कलम ९८(१) म्हणतं, त्रयस्थ देशाच्या अधिकाऱ्याचं संरक्षण मोडावं लागेल अशी विनंती न्यायालयाने करू नये. मंगोलिया करारात आहे, रशिया नाही. मग कलम ९८ उरलं कुणासाठी? मला हा प्रश्न मनापासून छळतोय.

बशीर प्रकरणातला (सुदानचे तेव्हाचे अध्यक्ष, ज्यांना जॉर्डनने अटक केली नाही) जॉर्डनविरुद्धचा २०१९ चा अपील निकाल वाचला. तिथे रूढ कायद्याचा (देशांच्या प्रथेतून बनलेल्या आंतरराष्ट्रीय कायद्याचा) आधार घेतलाय, पण सुदानचं प्रकरण सुरक्षा परिषदेने ठराव १५९३ ने पाठवलं होतं. रशियाबाबत तसा ठरावच नाही. येरोडिया खटल्याचा (काँगोच्या परराष्ट्रमंत्र्यावर बेल्जियमने काढलेलं वॉरंट) आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा (आयसीजे) २००२ चा निकालही पाहिला. परिच्छेद ६१ मधला अपवाद ‘काही आंतरराष्ट्रीय न्यायालयांपुरता’ आहे, दुसऱ्या देशाच्या पोलिसांबद्दल त्यात अवाक्षर नाही.

‘युद्धगुन्हेगाराला सोडायचं का?’ हा नैतिक मुद्दा मला मान्यच आहे, त्यावर चर्चा नको. पैसे भरून वाचायची जर्नल्स परवडत नाहीत. इंग्रजी, कन्नड चालेल.

नेमकं एवढंच सांगा: वॉरंटवरून अटक करणारा स्थानिक पोलीस हा आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा हात मानायचा की स्वतःच्या देशाचा, आणि दुसरी बाजू मांडायला सगळ्यात भक्कम आधार कोणता?