'बाइट द बुलेट'चं मूळ १८५७ मध्ये नाही, कृपया हे पसरवणं थांबवा

रानवाट:
गेले काही दिवस एक फॉरवर्ड फिरतोय, की 'बाइट द बुलेट' म्हणजे मन घट्ट करून नकोशी गोष्ट सोसणं किंवा उरकून टाकणं, हा वाक्प्रचार आपल्या १८५७ च्या उठावातून इंग्रजीत गेला, कारण एन्फिल्ड रायफलीचं चरबी लावलेलं काडतूस शिपायांना दाताने तोडायला लावायचे. मला हे अजिबात पटत नाही. फ्रान्सिस ग्रोस नावाच्या माणसाने इंग्रजी बोलीतल्या रांगड्या शब्दांचा कोश केला होता, त्याच्या १७९६ च्या आवृत्तीत 'नाइटिंगेल' हा शब्द बघा. फटके खाताना ओरडणाऱ्या सोल्जरला बाकीचे नाइटिंगेल (हा मुळात एक गाणारा पक्षी) म्हणायचे, आणि काही रेजिमेंट्समधल्या ग्रेनेडिअर, म्हणजे निवडक धिप्पाड पायदळी सैनिकांत न ओरडणं हा इभ्रतीचा प्रश्न होता, म्हणून ते तोंडात गोळी धरून चावत राहायचे असं त्यात स्पष्ट दिलंय. म्हणजे उठावाच्या साठेक वर्षं आधी. ग्रोस स्वतः मिलिशियात, म्हणजे स्थानिक राखीव सैन्यात, कॅप्टन होता, त्यामुळे छावणीतली भाषा त्याच्या कानावरची.

आणि ते फटके म्हणजे काय होतं हेही समजून घ्या. लांब दांड्याची तीन शस्त्रं वरच्या टोकाला एकत्र बांधून तिकाटणं उभं करायचे, त्याला माणसाचे हात बांधायचे, उघड्या पाठीवर नऊ पदरी आसूड, मारायचं काम रेजिमेंटच्या ड्रमरांकडे, एक दमला की दुसरा, शेजारी डॉक्टर उभा आणि समोर अख्खी पलटण बघतेय. अशा वेळी शिशाची गोळी दातात. ही गोष्ट त्या लोकांची आहे, ती त्यांच्याकडून काढून घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

सुईदोरा:
पण शाळेत आम्हाला तर ऑपरेशनचं सांगितलं होतं, भूल नव्हती तेव्हा पाय कापताना सैनिकाच्या दातात गोळी द्यायचे. अमेरिकन सिव्हिल वॉरच्या जागी दातांचे व्रण असलेल्या गोळ्या सापडतात ना? मग तो पुरावा नाही का?

कोरा_चहा:
मी ऑपरेशन थिएटरमध्ये काम करते म्हणून सांगते, उताणं झोपवलेल्या, किंचाळणाऱ्या माणसाच्या तोंडात सुटी गोळी कुणी शहाणा सर्जन देणार नाही, ती सरळ श्वासनलिकेत जायची. चामड्याचा पट्टा किंवा लाकडाचा तुकडा द्यायचे हे पटतं. आणि बोस्टनला भुलीसाठी ईथरचं जाहीर प्रात्यक्षिक १८४६ मध्ये झालं, क्लोरोफॉर्म १८४७ मध्ये आला, सिव्हिल वॉर सुरू झालं १८६१ ला. जनरल स्टोनवॉल जॅक्सनचा हात १८६३ मध्ये कापला तो क्लोरोफॉर्म देऊनच. व्रणांच्या गोळ्यांचं म्हणाल तर त्यातल्या बऱ्याच डुकरांनी जमीन उकरताना चावलेल्या असतात.

गडघाट:
ऑपरेशनचं सोडा, १८५७ चं इतक्या सहज उडवून लावू नका. ग्रोसकडे गोळी चावण्याची *रीत* आहे, वाक्प्रचार कुठाय? लाक्षणिक अर्थाने तो छापील स्वरूपात पहिल्यांदा दाखवतात तो किपलिंगच्या 'द लाइट दॅट फेल्ड' मध्ये, म्हणजे १८९१. आणि किपलिंग कोण, तर मुंबईत जन्मलेला, लाहोर आणि अलाहाबादच्या पेपरांत नोकरी केलेला, हिंदुस्थानातल्या गोऱ्या सोल्जरांच्या बोलीवरच ज्याचं लिखाण उभं आहे असा माणूस. १७९६ आणि १८९१ च्या मधोमध १८५७ बसतं. काडतूस दाताने तोडण्यावरून एवढा आगडोंब उसळला आणि त्याचा त्या बोलीवर शून्य परिणाम झाला असं छातीठोक कसं म्हणता? इंग्रजांची सोय बघून इतिहास लिहायची सवय आपल्यालाच लागलीये.

रानवाट:
@गडघाट, किपलिंगचा मुद्दा रास्त आहे, पण तो वापरतो कसा ते बघा. तिथे सांगणं असं की गोळी चाव आणि तू घाबरलायस हे त्यांना कळू देऊ नकोस. हे थेट ग्रेनेडिअरचंच आहे, दुखणं गिळायचं, आवाज काढायचा नाही. काडतुसात दुखणं नव्हतं, धर्म बाटण्याची भीती होती.

दुसरं म्हणजे काडतुसात *गोळी* चावायचीच नव्हती. कागदाच्या नळीत एका टोकाला दारू, दुसऱ्या टोकाला गोळी, चरबी गोळीच्या बाजूच्या कागदावर. दारूच्या बाजूचा पीळ दाताने तोडायचा, दारू बंदुकीच्या नळीत ओतायची, मग काडतूस उलटं करून गोळीची बाजू आत सारायची. संताप खराच होता, पण दात गोळीला लागत नव्हते. आणि मीरतला २४ एप्रिलला ज्या ८५ स्वारांनी काडतुसं घ्यायला नकार दिला त्यांना तर हाताने फाडायची मुभा दिलेली होती, तरी त्यांनी हात लावला नाही. पायात बेड्या पडल्या तरी नाही म्हणणारे ते लोक, त्यांच्या नावावर 'चावून टाक आणि गप सोस' हा वाक्प्रचार चिकटवणं मला त्यांचा अपमान वाटतो.

गडघाट:
अपमान वगैरे तुमची भावना झाली, पुरावा नव्हे. काडतुसाची रचना मान्य, पण बोलीभाषा अशी मोजपट्टी घेऊन चालत नाही. आणि आजचा अर्थ बघा ना! आज कंपनीतला साहेब 'बाइट द बुलेट' म्हणतो तेव्हा त्याला मुकाट्याने सोसणं अभिप्रेत नसतं, नको असलेली *कृती* एकदाची करून टाकणं असतं. हे फटक्यांपेक्षा काडतुसाच्या जवळ जातं.

कोरा_चहा:
आजचा अर्थ नंतर सरकलेला आहे, किपलिंगमध्ये तो नाहीये. १८५७ चा ठसा असता तर जुन्या वापरात आधी तोच दिसायला हवा होता. फटके मात्र त्या काळात सोल्जरांच्या डोळ्यासमोर सतत होते. १८४६ मध्ये हाउन्स्लोला फ्रेडरिक व्हाइट नावाचा हुसार, म्हणजे हलक्या घोडदळातला सैनिक, १५० फटके खाऊन पुढे मेला, त्यावरून एवढा गदारोळ झाला की कमाल मर्यादा ५० वर आणली, आणि ब्रिटिश आर्मीत ही शिक्षा पूर्ण बंद व्हायला १८८१ उजाडलं. किपलिंगची कादंबरी त्यानंतर दहा वर्षांनी. ज्या जुन्या सोल्जरांची बोली तो ऐकत होता त्यांतल्या बऱ्याच जणांनी ते तिकाटणं प्रत्यक्ष पाहिलं असणार.

गडघाट:
१८५७ आधी किंवा नंतर, पण किपलिंगच्या अगोदर कुणी लाक्षणिक अर्थाने वापरलेलं एक वाक्य दाखवा, मी गप्प बसतो. तोवर फटक्यांचं हेही अनुमानच.

रानवाट:
अनुमान आहेच, पण त्यामागे १७९६ चा छापील कागद आहे. काडतुसाच्या बाजूने तेवढाही नाही.