तीन किलोवॅट की दोन? नाशिकमधील रो-हाउसवर सौर पॅनेल बसवण्याबाबत

प्रश्न (पाथर्डी फाटा)

आमचे पाथर्डी फाट्याजवळ रो-हाउस असून गच्ची पूर्णपणे आमच्याच ताब्यात आहे. गेल्या वर्षभराची बिले काढून पाहिली, तेव्हा महिन्याचा सरासरी वापर २५० युनिट निघाला. हिवाळ्यात तो २०० पर्यंत उतरतो आणि एप्रिल-मेमध्ये एसीमुळे ३८० च्या घरात जातो. बिल सरासरी तीन हजार रुपयांच्या आसपास येते.

एका विक्रेत्याने ३ किलोवॅटच्या संचासाठी १,९५,००० रुपये आणि २ किलोवॅटसाठी १,४०,००० रुपये असे दरपत्रक दिले आहे. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतून पहिल्याला ७८,००० आणि दुसऱ्याला ६०,००० रुपये अनुदान मिळते. मुलाचे म्हणणे असे की, घ्यायचाच तर मोठा संच घ्यावा. नाशिकचा उन्हाळा दरवर्षी कडक होत चालला आहे, तेव्हा वीजही भरपूर मिळेल. मी नुकताच निवृत्त झालो असल्याने मुदतठेव मोडून हा खर्च करावा का, या विचारात आहे. संच बसल्यावर घरातील जुना इन्व्हर्टर आणि बॅटरी काढून टाकता येईल का, हेही कृपया सांगावे.

उत्तर (गंगापूर रोड)

खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र आपल्या वापराला २ किलोवॅट पुरेसे आहेत. सर्वसाधारणपणे १ किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरतात, परंतु जून ते सप्टेंबर या काळात ढगांमुळे ते बरेच घटतात. सावली नसेल तर २ किलोवॅटपासून वर्षाला २,६०० युनिटांच्या आसपास वीज मिळावी आणि आपला वापर ३,००० युनिटांचा आहे.

येथे बिलातील टप्पे लक्षात घेणे फार महत्त्वाचे आहे. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटांचा दर हा १०१ ते ३०० या टप्प्याच्या जवळपास निम्मा असतो. सौर वीज बिलातून वजा होते ती वरच्या, म्हणजे महागड्या टप्प्याकडून. त्यामुळे पहिले २ किलोवॅट आपली महाग वीज वाचवतात, तर तिसरा किलोवॅट जी काही वाचवतो ती बहुतेक स्वस्त टप्प्यातली असते. आपल्या दरपत्रकानुसार त्या तिसऱ्या किलोवॅटसाठी अनुदान वजा जाता ३७,००० रुपये जादा मोजावे लागतील आणि ते वसूल व्हायला दहा वर्षे तरी लागतील. पहिल्या २ किलोवॅटचे निव्वळ ८०,००० रुपये मात्र तीन-चार वर्षांत सुटतात. मुदतठेवीवर एवढ्या रकमेचे वर्षाचे व्याज सहा हजारांच्या आत-बाहेर असते, तर बिलातील बचत पंचवीस हजारांच्या वर जाईल. स्थिर आकार शून्य होत नाही, हे विक्रेते सहसा सांगत नाहीत. तो दरमहा भरावाच लागतो.

आणखी एक बाब अशी की, घरात न वापरता महावितरणच्या वाहिनीत गेलेली वीज आपल्या नावे जमा होते आणि पुढच्या बिलातून वजा होते, पण या जादा युनिटांचा हिशेब आर्थिक वर्षाबरोबर, म्हणजे ३१ मार्चला संपतो. नोव्हेंबर ते मार्च आकाश स्वच्छ असते, घरात पंखेही फारसे चालत नाहीत, म्हणून युनिट साठत जातात. आणि ज्या एप्रिलमध्ये ते उपयोगी पडावेत, त्याच्या तोंडावर शिल्लक शून्यावर येते व तिचा मोबदला बिलातील दराच्या मानाने बराच कमी मिळतो. मोठा संच घेणाऱ्याचे नुकसान नेमके येथे होते. दोन वर्षांत इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायची असेल किंवा स्वयंपाक इंडक्शनवर न्यायचा असेल, तर मात्र मुलाचे म्हणणे बरोबर ठरेल.

उत्तर (अंबड)

मी काही वर्षे संच उभारणीचे काम केले असल्याने उन्हाळ्याबद्दल लिहितो. पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नव्हे. त्याची क्षमता २५ अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेली असते आणि पॅनेल जसजसे तापते तसतशी दर अंशाला सुमारे ०.३ ते ०.४ टक्के क्षमता कमी होते. मे महिन्यात दुपारी काचेखालचे तापमान सहज ६० अंशांवर जाते, म्हणजे दहा टक्क्यांहून अधिक घट तेथेच झाली. नाशिकच्या थंडीतील निरभ्र दिवस म्हणूनच फायद्याचे ठरतात. पॅनेल गच्चीला चिकटवून न बसवता खालून वारा खेळेल इतक्या उंचीवर बसवावेत. खाली वाळवणालाही जागा राहते, ही घरच्या मंडळींच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही.

सावलीची पाहणी स्वतः करावी. विक्रेता बहुधा दुपारी बारा वाजता येतो आणि त्या वेळी सगळी गच्ची उन्हात असते. जिन्याची खोली आणि पाण्याची टाकी यांची सावली डिसेंबरमध्ये तीन-साडेतीन वाजता कोठवर लांबते, ते खडूने आखून पाहावे. एका पॅनेलवर पडलेली सावली त्याच ओळीतील इतर पॅनेलांचेही उत्पादन ओढून खाली आणू शकते. शिवाय रो-हाउसच्या वसाहतीत दक्षिणेकडील शेजाऱ्याने मजला चढवला, तर पुढे काहीच करता येत नाही.

सांगाडा हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे गंज लागू नये म्हणून वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला, आहे का, हे दरपत्रकात लिहून घ्यावे. स्लॅबला भोके पाडणार असतील, तर वॉटरप्रूफिंगची जबाबदारीही लेखी घ्यावी. आमच्या ओळखीच्या एका घरात पहिल्याच पावसाळ्यात बोल्टच्या कडेने गळती सुरू झाली आणि दुरुस्तीचा खर्च घरमालकाच्या अंगावर पडला. धुण्यासाठी बोअरचे पाणी वापरू नये, कारण त्यातील क्षारांचा थर काचेवर बसतो. सकाळी लवकर, काच थंड असताना, नळाच्या पाण्याने आणि मऊ कापडाने पुसणे पुरेसे आहे.

उत्तर (नाशिकरोड)

इन्व्हर्टर-बॅटरी विकण्याची घाई करू नये. आपल्याला दिलेले दरपत्रक साध्या ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट महावितरणच्या वाहिनीला जोडलेल्या, संचाचे दिसते. वीजपुरवठा खंडित झाला की असा संच भर उन्हातही आपोआप बंद होतो, कारण खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या गच्चीवरून आलेल्या विजेचा धक्का बसण्याचा धोका असतो. बॅटरीसह चालणारा हायब्रिड संच मिळतो, पण त्याचा खर्च पाहता आपल्याकडील जुनी बॅटरीच बरी. पॅनेलच्या उत्पादनाची हमी बहुधा २५ वर्षांची असते. सोलर इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरातील वापराजोगी करणारे यंत्र; आपला जुना इन्व्हर्टर वेगळा) मात्र तेवढा टिकत नाही आणि मध्येच एकदा बदलावा लागतो, तो खर्च आजच हिशेबात धरावा.

अर्ज करण्यापूर्वी वीजजोडणी कोणाच्या नावावर आहे ते पाहावे. जुन्या घरांत बिल अनेकदा दिवंगत वडिलांच्या नावे येत राहते आणि नाव बदलल्याशिवाय पुढचे काम अडते. अनुदान संच कार्यान्वित झाल्यावर थेट बँक खात्यात जमा होते, त्यामुळे पूर्ण रकमेची सोय आधी करावी लागते. पॅनेल भारतीय बनावटीच्या सेलचे, म्हणजे डीसीआर प्रकारातलेच हवेत. स्वस्तात दुसरे लावले तर अनुदान मिळत नाही.

प्रश्नकर्ते (पाथर्डी फाटा)

सर्वांचे आभार. वीजजोडणी माझ्याच नावावर आहे. मुलाला टप्प्यांचा हिशेब दाखवला, त्याला तो पटला. स्कूटरचा विषय मात्र त्याने लगेच काढला. दक्षिणेकडे सध्या मोकळा प्लॉट आहे आणि त्याचीच काळजी वाटते. आता २ किलोवॅटचे नवे दरपत्रक मागवतो आहे. सोलर इन्व्हर्टर आजच ३ किलोवॅट क्षमतेचा घेऊन ठेवला, तर पुढे दोन पॅनेल वाढवणे सोपे जाईल का, की त्यासाठी मंजुरीची सगळी प्रक्रिया पुन्हा करावी लागेल?

उत्तर (अंबड)

इन्व्हर्टर आणि सांगाडा आजच मोठा घेणे शहाणपणाचे आहे, कारण फरक थोड्या रकमेचा असतो. क्षमता वाढवताना महावितरणकडे पुन्हा अर्ज करावा लागेल, तो चुकत नाही. शेजारचा प्लॉट कोणाचा आहे आणि तेथे किती मजल्यांचे बांधकाम होणार आहे, याची चौकशी मात्र दरपत्रकाच्या आधी करावी.