‘सरदार’, ‘उमराव’ की ‘लाट’? : एका स्कॉटिश अर्लचे चरित्र मराठीत लिहिताना

प्रश्न

जॉर्ज रॅमझी, म्हणजे डलहौसीचा नववा अर्ल, याचे छोटेसे चरित्र मराठीत लिहिण्याचे काम मी हाती घेतले आहे. आपल्याकडे डलहौसी म्हटले की १८४८ साली आप्पासाहेब महाराज निवर्तल्यावर दत्तक नामंजूर करून सातारा खालसा करणारा गव्हर्नर जनरल आठवतो. हा त्या डलहौसीचा बाप. एडिंबरोजवळच्या डलहौसी किल्ल्यात १७७० साली त्याचा जन्म झाला, १७८८ साली तो फौजेत शिरला, स्पेनमध्ये ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या हाताखाली लढला, कॅनडात गव्हर्नर झाला आणि १८३० ते १८३२ या काळात हिंदुस्थानातील ब्रिटिश फौजांचा मुख्य होता. मी पहिल्याच वाक्यात अडलो आहे. त्याला ‘स्कॉटिश सरदार’ म्हणावे की ‘उमराव’? जन्मभर लष्करात राहिलेल्या अधिकाऱ्यासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे का? आणि जुन्या मराठीतला ‘जंगी लाट’ त्याच्यासाठी वापरला तर आजच्या वाचकाला तो कळेल का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर

‘सरदार’ लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पेशवाईतला सरदार म्हणजे पदरी फौज बाळगणारा, तिच्या खर्चासाठी सरंजाम लावून मिळालेला आणि हुकूम येताच आपल्या पथकानिशी मोहिमेत हजर होणारा माणूस. त्याचा मान आणि त्याची तलवार या दोन गोष्टी त्या एकाच शब्दात एकजीव झाल्या आहेत. रॅमझीच्या आयुष्यात त्या अगदी वेगळ्या होत्या. १७८७ साली वडील वारले तेव्हाच तो अर्ल झाला, पण त्यामुळे फौजेत त्याला कवडीचाही अधिकार मिळाला नाही. पुढच्या वर्षी तिसऱ्या ड्रगून रिसाल्यात कॉर्नेट हा घोडदळातल्या अधिकाऱ्याचा सर्वांत खालचा हुद्दा त्याने इतर कोणाही तरुणासारखा पैसे भरून घेतला. ‘सरदार’ वाचणाऱ्याच्या मनात मात्र हा घराण्याच्या हक्काने सैन्याचा नायक झाला, असेच चित्र उभे राहणार.

‘उमराव’ हा शब्द मूळचा अरबी ‘अमीर’चे अनेकवचन. मराठीने तो एकवचनी करून घेतला आणि ‘अमीर-उमराव’ या जोडीत दोन्ही रूपे शेजारी नांदू दिली. या शब्दात कुळ, दरबारातले स्थान आणि ऐपत आहे. सैन्य असलेच पाहिजे असे नाही. म्हणून ‘स्कॉटिश उमराव घराण्यातला’ असे लिहावे आणि ‘अर्ल’ हा किताब तसाच ठेवावा. त्याचे ‘जहागीरदार’ वगैरे करण्याचा मोह टाळावा, कारण अर्ल हा ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन या उतरत्या श्रेणीतला तिसरा किताब आहे आणि तो क्रम वाचकाला कळल्यावाचून या चरित्रातली एक घटना कळतच नाही.

ती घटना १८१५ सालची. स्पेनमधल्या कामगिरीनंतर या अर्लला ‘बॅरन’ करण्यात आले. श्रेणी पाहिली तर ही पायउतारणी वाटते. खुलासा असा की १७०७ साली स्कॉटलंड आणि इंग्लंड एक झाले, तेव्हा स्कॉटलंडच्या सगळ्या उमरावांना लॉर्डांच्या सभागृहात बसू दिले नाही; त्यांनी आपल्यातून सोळाजण निवडून पाठवायचे, असे ठरले. रॅमझीही काही काळ असाच निवडून गेलेला होता. बॅरन हा नवा किताब स्कॉटलंडचा नव्हता, तो संयुक्त राज्याचा होता, त्यामुळे त्याला निवडणुकीवाचून कायमची जागा मिळाली. येथे ‘बढती’ हा शब्द घालू नका. ‘अर्लपद कायम राखून त्याला संयुक्त राज्याचा बॅरन हा किताबही देण्यात आला’ हे वाक्य थोडे लांब असले तरी खरे आहे.

आता दुसरा शब्द. ‘पेशेवर’ हिंदीतून येतो, ‘व्यावसायिक’ म्हटले की दुकान-कारखाना डोळ्यांपुढे येतो आणि ‘धंदेवाईक’ला आता हिणकस वास आहे. जुन्या मराठीत यासाठी ‘शिपाईगिरी’ असा सुंदर शब्द होता, कारण तेव्हा शिपाई म्हणजे लढणारा माणूस. आज शिपाई कचेरीच्या दाराशी स्टुलावर बसतो. ‘हाडाचा शिपाई’ या वाक्प्रचारात तेवढा जुना अर्थ शाबूत आहे, पण तो स्वभाव सांगतो, पेशा सांगत नाही. मी ‘लष्करी पेशाचा’ असे लिहीन. कारण ‘पेशा’ आपल्याकडे अंगी मुरलेला आहे, ‘वकिलीपेशा’ आणि ‘मास्तरकीचा पेशा’ आपण रोज म्हणतो.

येथेच एक खड्डा आहे. त्याने ‘कमिशन विकत घेतले’ असे चुकूनही लिहू नये, कारण मराठी वाचक कमिशन म्हणजे दलालीच समजतो. ‘हुद्दा विकत घेतला’ हे पुरेसे आहे. त्याबरोबर एवढेही सांगावे की ब्रिटिश फौजेत हे उघड आणि कायदेशीर होते आणि १८७१ साली ते बंद झाले. नाहीतर वाचकाला ती लाच वाटेल.

‘जंगी लाट’ या शब्दावर माझा जीव आहे. ‘लॉर्ड’चे ‘लाट’ झाले, गव्हर्नर जनरल ‘बडे लाट’ झाला आणि सरसेनापती ‘जंगी लाट’. ‘जंग’ म्हणजे युद्ध, म्हणून जंगी म्हणजे लष्करी. पुढे ‘जंगी’ला ‘प्रचंड’ हा अर्थ इतका चिकटला की आज जंगी सभा होते, जंगी स्वागत होते, आणि ‘जंगी लाट’ वाचून नव्या वाचकाला समुद्र आठवेल. तरीही हा शब्द एकदा, अर्थ सांगून, अवश्य वापरावा. बाप जंगी लाट आणि मुलगा बडे लाट, हे नाते या शब्दांत जितके चटकन उमगते तितके दुसऱ्या कशात उमगत नाही. एरवी ‘सरसेनापती’ लिहावे. बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांच्या फौजा तेव्हा वेगळ्या होत्या आणि प्रत्येकीला आपापला सेनापती होता, म्हणून ‘सर’ येथे आवश्यक आहे.

कॅनडातील नोव्हा स्कॉशिया प्रांतातल्या १८१६ ते १८२० या काळातल्या पदासाठी ‘उपराज्यपाल’ नको, ‘नायब गव्हर्नर’ बरा. राज्यपाल म्हटले की आपली राज्यघटना आठवते. १८१८ साली त्याने हॅलिफॅक्समध्ये जे कॉलेज स्थापले, त्याचा पैसा ब्रिटिशांनी अमेरिकेशी झालेल्या युद्धात ताब्यात ठेवलेल्या कॅस्टीन या अमेरिकी बंदरातल्या वसुलीतून आला होता. तिला ‘सीमाशुल्क’ म्हणण्यापेक्षा ‘जकात’ म्हणावे. बंदरावर माल अडवून घेतलेला कर हा अर्थ त्या शब्दात आपसूक येतो.

प्रतिसाद

‘उमराव’ मला पटतो, पण एक शंका राहते. १७९१ साली रॅमझी कॅप्टन झाला तो स्वतः एक पथक उभे करून. आपल्या ऐपतीवर माणसे गोळा करायची आणि त्या बदल्यात वरचा हुद्दा मिळवायचा, हे सरदारकीच्या बरेच जवळचे नाही का? मग ‘सरदार’ला इतका विरोध का करावा?

उत्तर

तुमची शंका रास्त आहे, आणि तेवढ्या वाक्यापुरते ‘पथक’ मीही आनंदाने वापरीन. पण पथक उभे राहिले की ते राजाचे झाले आणि रॅमझी लगेच पहिल्या पायदळ पलटणीत दाखल झाला. माणसे त्याच्या पदरी राहिली नाहीत. पदरी असणे हा सरदारकीचा गाभा आहे.

१८१२ सालचा एक प्रसंग पाहा. स्पेनमधल्या बुर्गोसचा वेढा उठवून वेलिंग्टनची फौज पोर्तुगालकडे माघार घेत होती. नोव्हेंबरचा पाऊस आणि चिखल होता, अन्न मिळत नव्हते. अशा वेळी वेलिंग्टनने नेमून दिलेली वाट सोडून डलहौसीने आणि आणखी काही सेनानींनी आपसांत ठरवून दुसरी वाट धरली, आणि वेलिंग्टनला त्यांना शोधत जावे लागले. आपल्या एखाद्या मातब्बर सरदाराने मोहिमेत आपले पथक वेगळ्या वाटेने नेले असते, तर बखरकाराने ‘रुसून गेला’ किंवा ‘निराळा चालला’ असे लिहिले असते, कारण पथक त्याचे होते. डलहौसी अर्ल होता आणि वेलिंग्टनच्या हाताखाली सातवी डिव्हिजन चालवत होता, पण डिव्हिजन त्याची नव्हती. त्याच्या कृत्याला मराठीत ‘बेहुकमी’ म्हणतात, आणि चरित्रात त्या जागी तोच शब्द घालावा.