हॉट रॉडसाठी भंगारातला स्टेअरिंग बॉक्स: जिप्सी, पद्मिनी की ॲम्बेसेडरची रॅक?

खटाराप्रेमी: नमस्कार मंडळी, धायरीला भावाच्या शेडमध्ये हॉट रॉड (जुन्या ढंगाची, हाताने बांधलेली गाडी) बनवतोय. चासी घरीच वेल्ड केलीये, पुढे सरळ ॲक्सल (दोन्ही चाकं एकाच दांड्यावर) आणि पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा), बॉडी तीसच्या दशकातल्या फोर्डसारखी, पुढची चाकं उघडी. आता स्टेअरिंगपाशी घोडं अडलंय. नाना पेठ आणि जुना बाजार पालथा घातला, तीन गोष्टी दिसल्या: पद्मिनीचा स्टेअरिंग बॉक्स, म्हणजे स्टेअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणारी गिअरची पेटी (स्वस्त), जिप्सीचा बॉक्स (भंगारवाला लईच सांगतोय) आणि ॲम्बेसेडरची अख्खी रॅक (बॉक्सऐवजी आडवी सरकणारी दातेरी पट्टी). रॅक बसवायला सोपी असं मेकॅनिक म्हणतो. अमेरिकेत शेवरोले व्हेगाचा बॉक्स टाकतात पण तो इथे कुठून आणू. काय घेऊ?

नानापेठी: रॅक डोक्यातून काढून टाक. ॲम्बेसेडरला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळं वरखाली होतं) आहे म्हणून तिथे ती चालते. तुझा ॲक्सल अख्खा वरखाली होणार आणि रॅक मात्र चासीला बोल्ट केलेली, मग प्रत्येक खड्ड्यात टाय रॉड (चाकांना जोडलेला दांडा) चाकं स्वतःच वळवणार, तू स्टेअरिंग कितीही घट्ट धर. आणि आपल्याकडे खड्ड्यांना काय तोटा!

जिप्सीचा घे. ती मुळातच सरळ ॲक्सल आणि पाट्यांची गाडी. बॉक्स चासीवर ड्रायव्हरच्या बाजूला, ड्रॉप आर्म (बॉक्समधून बाहेर आलेला हात) आडवा हलतो आणि त्याला जोडलेला लांब दांडा, म्हणजे ड्रॅग लिंक, पार पलीकडच्या चाकाकडे जाते. व्हेगावाले हेच करतात. ड्रॅग लिंक लांब ठेव आणि टाय रॉडला जमेल तितकी समांतर, म्हणजे झटका कमी बसतो. पद्मिनीचा बॉक्स वाईट नाही, पण तो हलक्या गाडीचा आणि पलीकडे आयडलर आर्म (दांड्याला नुसता आधार देणारा हात) धरून केलेला, तुझ्या इंजिनाचं वजन काय ते आधी बघ.

स्पॅनर_बारा_तेरा: वरच्यांशी सहमत, पण भाऊ, गाडीचं नाव बघून घेऊ नकोस, नग बघून घे. दुकानातच शाफ्ट हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरव, फेरे मोज, निम्म्यावर थांब. हा सेंटर. गाडीचं सगळं आयुष्य सरळ जाण्यात जातं म्हणून बॉक्स इथेच झिजतो. चांगला बॉक्स सेंटरला किंचित घट्ट लागतो. तुझा तिथेच ढिला आणि टोकांना घट्ट असेल तर सोड, कारण दुकानदार वरचा स्क्रू पिळून 'बघा, प्ले (ढिलेपणा) गेला' म्हणेल आणि नंतर तोच बॉक्स वळणावर अडकेल. स्टेअरिंग वळणातून आपोआप परत यायला पाहिजे, ते येणार नाही.

मग ड्रॉप आर्म धरून वरखाली हलव. खडखड झाली तर सेक्टर शाफ्टचे (ज्यावर ड्रॉप आर्म बसतो त्याचे) बुश गेलेत. ते लेथवाला करून देतो, पण भाव पाडायला कामाला येतं. बोल्टच्या कानांना तडा किंवा वेल्डिंग दिसलं तर नमस्कार करून निघायचं. आणि जिप्सीचा बॉक्स बॉल-नटवाला (आत नटामधून गोळ्या फिरतात) आहे, लिंकेज सुटलेलं असताना टोकावर जोरात आपटू नकोस, आतल्या बॉलच्या नळ्या खराब होतात.

ड्रॉप आर्म, त्याचा नट आणि कॉलमचा जॉइंट त्याच बॉक्सचा माग. दुसऱ्याचा आर्म गरम करून वाकवायचा किंवा कापून जोडायचा नाही. फॅब्रिकेटर 'होतंय साहेब' म्हणाला तरी नाही.

एमएच_बारावाला: मजा आहे तुमची, पण आरटीओचं काय? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल चालत नाहीत, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलंय. घरी बनवलेली चासी रस्त्यावर काढायचा विचार असेल तर आधी तिकडे विचार, बॉक्स नंतर.

खटाराप्रेमी: दादा, रस्त्यावर नाही काढणार, मित्राच्या शेतावर आणि शोला टेम्पोत टाकून न्यायची. जिप्सीचा दुसऱ्या दुकानात मिळाला, सेंटरला घट्ट आहे, आर्मसकट. आता अडचण अशी की समोर रेडिएटर आहे त्यामुळे बॉक्स ॲक्सलच्या मागे न्यावा लागेल, चालेल ना?

नानापेठी: चालेल, पण दिशा तपासल्याशिवाय ब्रॅकेट वेल्ड करू नकोस. आर्मचं तोंड पुढचं मागे झालं किंवा चाकावरचा स्टेअरिंग आर्म ॲक्सलच्या पुढून मागे गेला, की स्टेअरिंग उजवीकडे आणि चाकं डावीकडे. दोन्ही उलटं झालं तर परत सुलटं. अमेरिकेत शेवरोले कॉरव्हेअरचा बॉक्स टाकणाऱ्यांना याच भानगडीमुळे तो आतून उलटा करून घ्यावा लागतो. आधी बॉक्स क्लॅम्पने धर, ड्रॅग लिंकच्या जागी साधा पाइप लाव, भावाला स्टेअरिंग फिरवायला सांग आणि तू चाकाकडे बघ. लॉक टू लॉक (या टोकापासून त्या टोकापर्यंत) फिरवताना पाइप इंजिनाच्या तळाच्या ऑइल संपला (भांड्याला) कुठे घासतो तेही तेव्हाच कळेल.