मदत हवी आहे: खिडक्यांचा अर्ज नामंजूर झाला, थंडीच्या आत काय करता येईल?

अबोली
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय. जुन्या घराच्या सहा खिडक्या बदलायच्या आहेत. कंपनीचं कोटेशन आलं, अर्ज केला आणि आज पत्र आलं की नामंजूर. कारण काय, तर ‘परिसराशी सुसंगत नाही’. आत्ताच्या खिडक्यांमधून एवढा वारा येतो की बंद खिडकीचा पडदा हलतो. बाळाच्या खोलीत रात्रभर हीटर लावूनही पारा १५ अंशांवर जात नाही. कंपनीचा माणूस म्हणतो, शुक्रवारपर्यंत सही करा, परवानगीचं मागाहून बघू, दर वाढणार आहेत. करू का सही? लवकर सांगा प्लीज.

नानासाहेब
अबोलीताई, करून टाका सही. आम्ही बाणेरला यूपीव्हीसीच्या स्लायडिंग बसवल्या. हायवेचा आवाज बंद, धूळ बंद. मच्छरदाणीचा तिसरा ट्रॅक आवर्जून घ्या. ट्रॅकमधलं पाणी बाहेर जायला खाली भोकं आहेत का, तेही बघून घ्या, नाहीतर पावसाळ्यात पाणी घरात येतं.

रोनकाठ
बाणेरला कुठला हीटर, नानासाहेब! अबोली, घर कुठे आहे? निदान देश सांगा. आणि नामंजूर कुणी केलं, सोसायटीने की पालिकेने?

अबोली
फ्रान्समध्ये. दोर्दोन्यमधलं खेडं, सार्लापासून अर्ध्या तासावर. दगडी घर आहे, मागच्या वर्षी घेतलं. पत्र मेरीतून, म्हणजे इथल्या पालिकेतून आलंय.

रोनकाठ
पत्र मेरीचं असलं तरी निर्णय बहुधा एबीएफचा असणार, म्हणजे वारसा सांभाळणारे सरकारी आर्किटेक्ट. जवळ जुनं चर्च, किल्ला असं काही आहे का? नवीन खिडक्या कशाच्या, रंग कुठला? बाहेरच्या लाकडी झडपा राहणार होत्या की काढणार होतात?

अबोली
चर्च आहे की, समोरच. स्वयंपाकघरातून त्याचा घंटेचा मनोरा दिसतो. पण त्याचा माझ्या खिडक्यांशी काय संबंध? खिडक्या पीव्हीसीच्या, पांढऱ्या. झडपा काढून मोटरची रोलर शटर. रोज सकाळी गारठ्यात खिडकी उघडून बाहेर वाकायचं, दोन्ही झडपा ढकलायच्या आणि अडकवायच्या, कडेवर बाळ असताना ते जमत नाही.

रोनकाठ
संबंध तिथेच आहे. संरक्षित वास्तूपासून ५०० मीटरच्या आत असलेलं घर त्या वास्तूबरोबर एका नजरेत दिसत असेल, तर एबीएफचं मत मेरीवर बंधनकारक असतं. दिसत नसेल तर ते नुसता सल्ला ठरतं. (काही गावांत ५०० मीटरच्या वर्तुळाऐवजी खास आखलेली हद्द असते, तिच्या आत मात्र मत बंधनकारकच.) तुमच्या खिडकीतून मनोरा दिसतो म्हणजे मनोऱ्याकडूनही तुमची खिडकी दिसते. त्यात पांढरंशुभ्र पीव्हीसी आणि वर शटरचा डबा, या गोष्टींना हे लोक हटकून नाही म्हणतात.

सही अजिबात करू नका. परवानगीशिवाय काम केलंत तर सगळं पूर्ववत करायला लावू शकतात, तेही तुमच्या खर्चाने. करायचीच असेल तर ‘परवानगी मिळाली तरच करार लागू’ हे कलम लिहून घ्या. घरी येऊन सही घेतली तर करार मोडायला १४ दिवस मिळतात. प्रदर्शनातल्या स्टॉलवर केलेल्या सहीला ती सोय नाही.

टेकाडे
रोनकाठ उगाच घाबरवतायत. मी तुलूजच्या बाहेर राहतो, पीव्हीसी बसवलंय, उत्तम चाललंय. लाकडाला दर काही वर्षांनी रंग द्या, सगळ्या फटी पुन्हा तपासा, हे कोण करणार? नामंजुरीविरुद्ध दोन महिन्यांच्या आत प्रदेशाच्या (रेजिओंच्या) प्रीफेक्टकडे, म्हणजे सरकारच्या प्रतिनिधीकडे, दाद मागता येते. मागा! बाळ महत्त्वाचं की मनोरा?

रोनकाठ
टेकाडे, तुमची नवी वसाहत आहे, तिथे एबीएफचा विषयच येत नाही. दाद मागता येते हे खरं, पण तोवर हिवाळा निघून जाईल. त्यांना बाळ गरम ठेवायचंय, खटला लढवायचा नाहीये.

सुतारपक्षी
आहेत त्या खिडक्यांबद्दल कुणी विचारलंच नाही! ताई, लाकूड कुठलं? एका पल्ल्यात (खिडकीच्या उघडणाऱ्या भागात) तावदानं किती? वारा काचेतून येत नाही, फटीतून येतो. फोटो टाका.

अबोली
टाकलाय. विकणाऱ्याने ओक म्हणून सांगितलं होतं. दर पल्ल्याला चार लहान तावदानं. काच पातळ आहे, पलीकडचं झाड जरा वाकडं दिसतं. मध्ये उभा लोखंडी दांडा, मूठ फिरवली की वर-खाली सरकतो. खालची आडवी पट्टी एका कोपऱ्यात बोटाने दाबली तर आत जाते. बाहेर भिंतीत झडपा अडकवायला बाईच्या डोक्याच्या आकाराचे लोखंडी खुंट आहेत, कंपनीवाला म्हणाला ते भंगारात जातील.

सुतारपक्षी
भंगारात?? ते खुंट आणि तो दांडा (त्याला क्रेमोन म्हणतात) कुणालाही देऊ नका. लाकूड कुजलंय ते फक्त खालच्या पट्टीत, कारण पाणी तिथेच साचतं. तेवढा भाग कापून नवा ओक जोडता येतो. मग पल्ल्याच्या कडेने खाच पाडून रबराची पट्टी बसवायची, काचेभोवतीची वाळलेली लांबी (पुटी) खरवडून जवसाच्या तेलाची नवी भरायची. एवढ्याने पडदा हलायचा थांबेल. पल्ला पुरेसा जाड असेल तर त्याच खाचेत पातळ दुहेरी काचही बसते. नसेल तर आतल्या बाजूने दुसरी साधी खिडकी लावा. बाहेरचं रूप तेच राहत असल्याने तिला सहसा अडवत नाहीत.

कोटेशनमध्ये ‘रेनोव्हासियाँ’ लिहिलंय का बघा. असेल तर जुनी चौकट ठेवून तिच्यात नवी चौकट ठोकणार. चारी बाजूंनी काच कमी होते. एवढ्याशा खिडकीत खोली काळोखी होईल.

चुनखडी
खरवडण्याआधी थांबा! घर १९४९च्या आधीचं असेल तर रंगात शिसं असू शकतं. अशा घराच्या विक्रीच्या कागदांत शिशाचा तपासणी अहवाल जोडावाच लागतो, तो काढून वाचा. कोरडं घासणं, हॉटगनने जाळणं बंद. बाळाला त्या खोलीतून हलवा आणि हे काम जाणकाराकडूनच करून घ्या.

आणि भिंतींचं काय? दगडांमधल्या फटी कशाने भरल्यात? सिमेंट असेल तर आधी ते काढा. माझा जन्म चुन्यात गेलाय. साताऱ्याकडचे वाडे सिमेंटच्या गिलाव्याने आतून ओले होऊन सुटलेले पाहिलेत. दगडी भिंतीला श्वास लागतो, म्हणून चुनाच हवा.

टेकाडे
त्यांनी खिडक्यांचं विचारलंय, तुम्ही भिंत पाडायला निघालात.

चुनखडी
पाडायला नाही, वाचवायला. ओलसर दगडी घराला हवाबंद पीव्हीसी लावून हवा खेळायची सोय केली नाही, की कोपऱ्यात काळी बुरशी धरते. बाळाच्या खोलीत ते चालेल का?

पारिजात
फोटो काय सुरेख आहे! गोव्यात आजीच्या घरी खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं होती, दुपारी आत दुधी उजेड पडायचा. अबोली, वरच्या मजल्यावर एक खिडकी दगडांनी बुजवलेली दिसतेय, ती का?

रोनकाठ
फ्रान्समध्ये १७९८ पासून १९२६ पर्यंत दारं-खिडक्या मोजून कर घेत. तो वाचवायला लोकांनी खिडक्या बुजवल्या. ही त्यातलीच असू शकेल. अबोली, उत्साहाने ती उघडायला जाऊ नका, त्यालाही परवानगी लागते.

अबोली
ती खिडकी राहू दे. सुतारपक्षी, दुरुस्तीला खर्च किती? आणि सरकारी मदतीचं काय, कंपनीवाला म्हणतो त्यांच्याकडूनच मिळेल.

सुतारपक्षी
मी नाशिकला, युरोत सांगू शकत नाही. गावच्या ‘मनुइझिए’कडून, म्हणजे सुताराकडून, एका खिडकीचं कोटेशन घ्या आणि तीच आधी करून बघा. अर्थात बाळाच्या खोलीची.

रोनकाठ
मदतीसाठी कंपनीची गरज नाही. मा-प्रीम-रेनोव्हचा, म्हणजे घराच्या ऊर्जाबचतीसाठीच्या सरकारी अनुदानाचा, अर्ज तुम्हाला स्वतः करता येतो. फक्त काम सुरू व्हायच्या आधी अर्ज हवा, कारागीर आरजीई (ऊर्जाबचतीच्या कामाच्या) प्रमाणपत्रवाला हवा. ती मदत एकेरी काचेची खिडकी बदलण्यासाठी असते, नुसत्या डागडुजीला नाही. बाहेरून दिसणारी दुरुस्ती पारंपरिक पद्धतीने करणार असाल तर फोंदासियाँ द्यु पात्रिमोआन या वारसा जपणाऱ्या संस्थेचं लेबल मिळतं का विचारा, करात सवलत मिळू शकते. आणि पुढचा अर्ज करण्याआधी दोर्दोन्यच्या सीएयूई या बांधकाम-सल्ला केंद्रात फोन करा. तिथले आर्किटेक्ट घरमालकांना फुकट सल्ला देतात.

अबोली
सीएयूईला फोन झाला, मंगळवारी बोलावलंय, फोटो आणि मापं घेऊन या म्हणाले. कंपनीला शुक्रवारी सही करणार नाही असं कळवलं. झडपा ठेवतेय, दोन पार कुजल्यात, त्या नव्या करायच्या. त्यांना मागून झेडसारखी तिरकी पट्टी असते ती घ्यायची ना?

रोनकाठ
नको. बऱ्याच ठिकाणी तिरकी पट्टी चालत नाही, उभ्या फळ्या आणि आडव्या पट्ट्याच मागतात. जुन्या झडपांना मागून काय आहे ते बघा आणि तसंच करा. रंगही शुभ्र पांढरा नको, मेरीत रंगांचा तक्ता असेल तर त्यातला घ्या. रात्री झडपा लावल्यात तर गारठाही बराच कमी होईल.

नानासाहेब
फ्रान्समध्ये डास नसतात का?

अबोली
असतात, नानासाहेब. उन्हाळ्यात बघू.

सुतारपक्षी
ताई, मंगळवारच्या आधी पल्ल्याच्या लाकडाची जाडी आणि काचेच्या खाचेची खोली मिलिमीटरमध्ये मोजून इथे टाका. दुहेरी काच बसेल की नाही ते त्यावरच ठरणार.